गोल्डफिशच्या टँकमध्ये उष्ण पाण्यातले मासे ठेवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात फ्लॅटच्या हॉलमध्ये गेली २२ वर्षं मी मासे पाळते आहे. सुरुवात बहुतेकांसारखीच, गोल्डफिशच्या जोडीने झाली. सोसायटीतली मुलं, त्यांचे आईवडील, नात्यातली माणसं सारखी विचारत असतात, की गोल्डफिश होते त्या टँकमध्ये आता गप्पी, टेट्रा, एंजल ठेवायचे आहेत, काय काय करावं लागेल? फोनवर तेच तेच सांगत आले, म्हणून एकदा नीट लिहून काढलं.

थंड पाण्याचा टँक आणि ट्रॉपिकल टँक यांत फरक काय असतो?

मुख्य फरक तापमानाचा. गोल्डफिश हा मूळचा चीनमधला, कार्पच्या कुळातला मासा. त्याला १८ ते २२ अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. ट्रॉपिकल म्हणजे उष्ण कटिबंधातल्या नद्या-ओढ्यांतले मासे, त्यांना साधारण २४ ते २८ अंश लागतं.

परदेशी माहिती वाचली की वाटतं, हीटर आणला की काम झालं. ते तिकडच्या हवेसाठी खरं आहे. आपल्याकडे आधी दहा रुपये वाचवू नका, एक थर्मामीटर आणा आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ आकडे लिहून ठेवा. माझ्या हॉलमधल्या टँकचं पाणी मे महिन्यात दुपारी ३१ पर्यंत जातं, पावसाळ्यात २५-२६ राहतं आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे १८-१९ वर येतं. म्हणजे वर्षातले आठ-नऊ महिने माझा टँक आपोआपच ट्रॉपिकल असतो. मुंबईत आणि कोकणात तर जवळजवळ बारा महिने. इतकी वर्षं खरी ओढाताण गोल्डफिशची चाललेली असते, आणि ती आपल्या लक्षात येत नाही. १८ अंशाच्या पाण्यात दर लिटरला साधारण ९.५ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशाला तो ७.५ वर येतो. त्यात उकाड्याने माशाची प्राणवायूची भूक वाढलेली. मे महिन्यातल्या दुपारी गोल्डफिश पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करतो तो खाणं मागत नसतो, त्याला श्वास पुरत नसतो.

मग गोल्डफिश तसेच ठेवून त्यांच्यात चार-सहा टेट्रा सोडले तर?

नका करू. तापमान दोघांपैकी एकालाच मानवणार. शिवाय गोल्डफिश मोठा झाला की तोंडात मावेल ते गिळतो, आणि निऑन टेट्रा त्याच्या तोंडात सहज मावतो. उलट बाजूने टायगर बार्बसारखे मासे फॅन्सी गोल्डफिशच्या लांब शेपट्या कुरतडून काढतात. आणि गोल्डफिश एवढी घाण करतो, की छोट्या टँकमध्ये त्याच्या सोबतीला राहणाऱ्या नाजूक माशांचे दिवस मोजलेलेच असतात.

आमच्या गोल्डफिशचं काय करायचं?

हा प्रश्न सगळ्यात आधी सोडवा, हीटर नंतर विकत घ्या. फॅन्सी गोल्डफिश नीट सांभाळला तर दहा वर्षं आणि त्याहून जास्तही जगतो आणि वीतभर वाढतो. साधा, एक शेपटीचा तर त्याहूनही मोठा. त्यामुळे ‘कुणाला तरी देऊन टाकू’ म्हणताना त्या कुणाकडे तेवढी जागा आहे का, हे आधी विचारा. काचेच्या गोल भांड्यात ठेवणाऱ्याला देऊ नका.

उत्तम जागा म्हणजे सावलीतला सिमेंटचा हौद किंवा मोठा टब: तळमजल्यावरचं अंगण, गच्चीची उत्तरेकडची बाजू, एखाद्याचा बंगला. निदान दीड-दोनशे लिटर पाणी, वर जाळी, एक एअर पंप. बरेच दुकानदार निरोगी मासा परत घेतात, पण आधी फोन करून विचारा. माझी ओरांडा (फॅन्सी गोल्डफिशचा एक प्रकार) मी ओळखीच्या एका काकूंकडे कोथरूडला नेली होती. झाकणाच्या बादलीत, टँकमधलंच पाणी अर्धी बादली, वर ओला टॉवेल, आणि आदल्या दिवशी खाणं बंद. रिक्षात बादली दोन्ही पायांमध्ये धरून बसले होते. पाऊण तासात पाणी तांदूळ धुतल्यासारखं गढूळ झालं, पण मासा ठणठणीत होता. खाणं बंद ठेवलं नसतं तर तेच पाणी वाटेत नासलं असतं.

नदीत किंवा तळ्यात सोडले तर?

कधीच नाही. विहिरीतही नाही. हे पुण्याचं काम वाटतं, पण ते मासे एक तर तडफडून मरतात किंवा तगतात, आणि तगले तर अधिक वाईट. गोल्डफिश तळ उकरून पाणी गढूळ करतो आणि इतर माशांची अंडी खातो. तळ साफ ठेवायला म्हणून आणलेले आणि टँकमध्ये मावेनात म्हणून लोकांनी सोडलेले सकर मासे आज उजनीसारख्या जलाशयात मासेमारांच्या जाळ्यात येतात, जाळी फाडतात, आणि त्यांना कुणी विकत घेत नाही.

गोल्डफिश गेले की टँक रिकामा करून, सगळं स्वच्छ धुऊन नव्याने सुरुवात करायची ना?

इथेच सगळे चुकतात. मीही चुकले होते.

२००७ च्या डिसेंबरात मी पहिल्यांदा टँक बदलला. सगळं पाणी बाल्कनीतल्या झाडांना घातलं, खडे उकळले, काच घासली, आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून ब्रशने पांढरा होईपर्यंत घासला. टँक इतका लख्ख दिसत होता, की शेजारच्या बघायला आल्या. हीटर लावला आणि दुसऱ्याच दिवशी १२ निऑन टेट्रा आणून सोडले. चौथ्या दिवशी एक मेला. मग रोज एक-दोन. पाणी आरशासारखं होतं, दुकानात विचारलं तर म्हणाले, पाणी स्वच्छ आहे, काळजी नको. आठव्या दिवशी तीन उरले.

झालं होतं असं. मासे गलफडांतून अमोनिया सोडतात, उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. तो विषारी असतो. फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि खडीत वस्ती करून राहिलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, तेही विषारी, आणि मग नायट्रेट, जे त्या मानाने निरुपद्रवी असतं आणि पाणी बदललं की निघून जातं. ही जिवाणूंची वस्ती शून्यापासून बसायला चार ते सहा आठवडे लागतात. मी ती क्लोरीनच्या पाण्याखाली अर्ध्या तासात धुऊन टाकली. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही, म्हणून पाणी आरशासारखं दिसत होतं.

तुमच्या जुन्या टँकमधली सर्वात मोलाची वस्तू म्हणजे तो तपकिरी, बुळबुळीत स्पंज. गोल्डफिशसारख्या घाणेरड्या खाणाऱ्याचा अमोनिया पचवून पचवून तिथे जिवाणूंची भरभक्कम फौज तयार झालेली असते. आठ-दहा छोट्या माशांचा भार ती सहज पेलते. ज्यांचा टँक कोरा करकरीत आहे त्यांना दीड महिना थांबावं लागतं, तुम्हाला ते तयार मिळालेलं आहे. ते फेकू नका.

मग स्पंज साफच करायचा नाही?

करायचा, पण टँकच्या पाण्यात. पाणी बदलताना जे पाणी काढता त्यातलं अर्धी बादली वेगळं ठेवा. स्पंज त्यात बुडवून तीन-चारदा हलकेच पिळा. बादली चहासारखी तपकिरी होईल. वास घेऊन बघा: चांगल्या चाललेल्या स्पंजला ओल्या मातीचा वास येतो. कुजकट, अंड्यासारखा वास आला तर आत प्राणवायू पोचत नव्हता, म्हणजे स्पंज फार तुंबला होता. पांढरा होईपर्यंत पिळायचं नाही. पाण्याचा प्रवाह मोकळा झाला की बास.

टँकमधलं सगळं पाणी तसंच ठेवायचं का?

जिवाणू पाण्यात फारसे नसतात, ते चिकटून राहतात, त्यामुळे पाणी बदलायला हरकत नाही. गोल्डफिश गेल्यावर नळीने खडी नीट ओढून घ्या. तळाशी साठलेला गाळ पाहून धक्का बसेल. एका वेळी तिसरा हिस्सा पाणी, दोन दिवसांआड, तीन वेळा. खडी मात्र बाहेर काढून धुऊ नका, त्यातही वस्ती असते. टँकला खडीखालून चालणारा फिल्टर असेल तर ही गोष्ट आणखीच महत्त्वाची.

मासे नसताना फिल्टर किती दिवस चालू राहील?

फिल्टर कितीही दिवस चालेल, प्रश्न जिवाणूंच्या पोटाचा आहे. अमोनिया मिळाला नाही तर वस्ती हळूहळू रोडावते. तीन-चार दिवस काही होत नाही. त्याहून जास्त थांबायचं असेल तर रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकत जा, ते कुजून अमोनिया होतो. आणि फिल्टर बंद करून स्पंज तसाच पाण्यात बुडवून ठेवू नका, काही तासांत आतला प्राणवायू संपतो.

आमचे गोल्डफिश आजारी पडून मेले होते. त्याच टँकमध्ये नवे मासे चालतील?

आजार कोणता यावर आहे. पांढरे ठिपके येणाऱ्या आजाराचा परजीवी माशाशिवाय फार काळ जगू शकत नाही, आणि गरम पाण्यात त्याचं चक्र भराभर फिरतं. टँक २८ अंशावर ठेवून दोन आठवडे बिनमाशाचा चालवा, वर सांगितल्याप्रमाणे चिमूटभर खाणं टाकत. अंगाला दोऱ्यासारखे लोंबणारे जंत असतील तर घाई करू नका, त्यांच्या अंड्यांना वेळ द्या, महिनाभर रिकामा ठेवा. एकामागून एक मासे खंगून, पोटं आत जाऊन मेले असतील तर मी स्वतः सगळं टाकून, टँक ब्लीचिंगच्या पाण्याने धुऊन, पुरता वाळवून नव्याने सुरू करीन, आणि दीड महिना थांबेन.

हीटर लागतोच का? किती वॅटचा?

मुंबई, ठाणे, रत्नागिरी, गोवा इथे गप्पी-मोलीसारख्या माशांना हीटरविना चालतं. पुणे, नाशिक, सातारा, छत्रपती संभाजीनगर, नागपूर इथे हिवाळ्यात हवाच. थंडीपेक्षा घातक असतो चढउतार: दुपारी २५ आणि पहाटे १९ असं रोज चाललं की माशांची प्रतिकारशक्ती ढासळते.

हिशेब साधा आहे, लिटरला एक वॅट. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच टँकमध्ये काठोकाठ ५६ लिटर पाणी मावतं. खडी आणि वरची रिकामी जागा वजा जाता ४५ ते ५०. त्याला ५० वॅटचा हीटर पुरतो. फार थंड खोली असेल तर ७५ चा घ्या. त्याहून मोठा घेऊ नका, कारण स्वस्त हीटरचा थर्मोस्टॅट कधी कधी चालू अवस्थेतच चिकटतो, आणि २०० वॅटचा हीटर ५० लिटर पाणी एका रात्रीत माशांसकट शिजवू शकतो. ५० वॅटच्या हीटरला ते जमत नाही, तुम्हाला सकाळी लक्षात यायला वेळ मिळतो.

हीटरवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. थर्मामीटर हीटरच्या विरुद्ध कोपऱ्यात लावा आणि त्यावर जा.

शॉक बसण्याची भीती वाटते.

वाटायलाच हवी. हात घालण्याआधी हीटर आणि फिल्टर दोन्हींची बटणं बंद, हा नियम घरातल्या लहानमोठ्या सगळ्यांना शिकवा. घराच्या बोर्डात विजेच्या गळतीला बंद होणारा ब्रेकर आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, नसेल तर बसवा. वायर प्लगकडे जाण्याआधी खाली लोंबकळती ठेवा, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी प्लगमध्ये न शिरता खाली ठिबकेल. पाणी बदलताना हीटर बंद करून पंधरा-वीस मिनिटं थांबा. गरम हीटर पाण्याबाहेर उघडा पडला आणि त्यावर गार पाणी पडलं की काच तडकते.

वीजबिल किती वाढेल?

५० वॅटचा हीटर थंडीत रोज सरासरी आठ तास पेटला तरी ०.४ युनिट, म्हणजे महिन्याला १२ युनिट. तेही दोन-तीन महिनेच.

तापमान एकदम २६ वर लावू का?

गोल्डफिश टँकमध्ये असतील तर अजिबात नाही. ते गेल्यावर रिकाम्या टँकला हळूहळूची गरज नाही. पण खडीला शंखगोगलगाई, जुनी रोपं असतील तर दिवसाला एखाद-दोन अंश वाढवा. बहुतेक मिश्र टँकना २५ ते २६ पुरतं.

उन्हाळ्यात पाणी ३२ वर जातं, तेव्हा?

झाकण काढून वर जाळी घाला आणि पृष्ठभागावर छोटा पंखा फिरवा. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत याचा छान उपयोग होतो, मुंबईच्या दमट हवेत कमी. एअर पंप दिवसरात्र चालू ठेवा, दुपारी लाइट बंद ठेवा, खाणं कमी करा. बर्फाचे खडे टाकू नका. तापमान घसरतं आणि तासाभरात पुन्हा चढतं, मासे त्या हेलकाव्याने जास्त दमतात.

नळाचं पाणी चालेल का? बोअरचं? आरओचं?

नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवायचा. दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीनचे थेंब म्हणजे बहुधा सोडियम थायोसल्फेट, ते मिनिटभरात काम करतं. नाहीतर पाणी रुंद तोंडाच्या बादलीत रात्रभर उघडं ठेवा.

मुंबई-पुण्याला धरणांचं पाणी येतं, ते सौम्य असतं, म्हणजे त्यात क्षार कमी. टेट्रा, कोरीडोरास, रास्बोरा त्यात खूष. बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं असतं, बादलीच्या काठाला आणि गिझरमध्ये पांढरा थर बसतो त्यावरून कळतं. जड पाण्यात गप्पी, मोली, प्लॅटी, स्वोर्डटेल उत्तम राहतात. पाण्याशी भांडण्यापेक्षा पाण्याला मानवणारा मासा निवडा. पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे तो आकडा) उतरवण्याच्या बाटल्या मी कधीच बंद केल्या, कारण जड पाण्यात आकडा दोन दिवसांत परत वर येतो आणि मधल्या मधे मासे हैराण होतात.

निव्वळ आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, ते एकटं वापरू नका. बोअरच्या पाण्यात अर्धं मिसळायला मात्र चांगलं. उन्हाळ्यात आटलेलं पाणी भरून काढायलाही तेच वापरा, कारण आटतं ते नुसतं पाणी, क्षार मागे उरतात.

एक गोष्ट लक्षात ठेवा. २५ अंशाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाचा अर्धा टक्का घातक रूपात असतो, पीएच ८ ला तोच पाच टक्क्यांवर जातो. म्हणजे दहापट. तापमान वाढलं की आणखी वाढतो. म्हणून जड, गरम पाण्याच्या टँकमध्ये फिल्टर नीट बसलेला असणं सर्वांत गरजेचं.

गोल्डफिशच्या टँकमधले रंगीत खडे आणि शंख-शिंपले राहू देऊ का?

खडे राहू द्या, जिवाणूंसाठी. शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे, संगमरवराचे दगड काढा. कोकणातून परतताना मुलांनी गोळा केलेले शिंपले टँकमध्ये टाकणं घरोघरी चालतं, पण ते विरघळत राहतात आणि पाणी जड करतात. गप्पी-मोली असतील तर चालून जाईल. दगडाची शंका असेल तर त्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाका. फसफसला तर तो टँकमध्ये नको.

आता खरी रोपं लावता येतील?

येतील, आणि या बदलातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच. गोल्डफिश रोपं मुळासकट उपटून खातो. तो गेला की पहिल्यांदा टँकला हिरवं करता येतं. जावा फर्न आणि अनुबियास यांना ना खत लागतं ना झगमगीत लाइट. लाकडाच्या ओंडक्याला किंवा दगडाला साध्या शिवणाच्या दोऱ्याने बांधा. त्यांचं आडवं जाड खोड खडीत गाडू नका, गाडलं की कुजतं. व्हॅलिस्नेरिया मात्र खडीत लावा. लाइट दिवसाला सात-आठ तास, त्याहून जास्त ठेवलात तर काचेवर शेवाळ येईल.

कोणते मासे घ्यावेत?

दोन फुटी टँकला (४५-५० लिटर) मी तीन पर्याय सांगते. आठ-दहा नर गप्पी. किंवा आठ चेरी बार्ब. किंवा आठ झेब्रा डॅनिओ, पण मग वर झाकण हवंच, ते उड्या मारतात. यांपैकी एकच निवडा. तीन फुटी, सव्वाशे लिटरच्या टँकमध्ये १२ रमीनोज टेट्रा, सहा कोरीडोरास आणि हनी गुरामीची जोडी फार देखणी दिसते.

गप्पीला कमी लेखू नका. ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ हे भिंतींवर वाचत आपण मोठे झालो, म्हणून तो डासांच्या अळ्या खाणारा डबक्यातला मासा वाटतो. नव्या माणसाला याच्याइतका समजूतदार शिक्षक नाही. फक्त नर-मादी एकत्र आणू नका, सहा महिन्यांत टँक पिल्लांनी भरून जाईल.

निऑन टेट्रा सगळ्यांना हवा असतो. तो ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या सावलीच्या ओढ्यांतला, २८ च्या वर त्याला त्रास होतो. घर तापत असेल तर कार्डिनल किंवा रमीनोज घ्या. फायटर देखणा खरा, पण तो एकटाच बरा, आणि गप्पीच्या पिसाऱ्यासोबत तर मुळीच नको.

आपल्या देशातले मासे बघा, ही माझी कळकळीची विनंती. झेब्रा डॅनिओचं शास्त्रीय वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ साली गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात केलं. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो आहे. तो १८ अंशापासून २६-२७ पर्यंत निभावतो, म्हणजे पुण्याच्या हवेसाठीच जन्मला म्हणा. रोझी बार्ब, हनी गुरामी, ड्वार्फ गुरामी हेही इथलेच. मिस केरळ या नावाने मिळणारा डेनिसन बार्ब मात्र विचार करून घ्या. तो केरळ-कर्नाटकातल्या पश्चिम घाटातल्या वाहत्या, गार ओढ्यांतला, २०१३ साली त्याच्या प्रजातीला सह्याद्रीवरून नाव मिळालं. जंगलातून बेसुमार पकडल्याने तो धोक्यात आलेल्या माशांच्या यादीत आहे. चार फुटी टँक आणि पैदास केंद्रातली पिल्लं मिळत असतील तरच घ्या.

तळ साफ ठेवायला एक सकर आणू?

नको. तीन इंचाचा आणाल, तो फूटभर होईल. आणि तो घाण खात नाही, शेवाळ आणि तुम्ही टाकलेलं खाणं खातो, वर स्वतःची भरपूर घाण करतो. तळ साफ करायला नळी आणि तुमचे दोन हात आहेत.

सगळे मासे एकाच दिवशी आणले तर?

गोल्डफिशमुळे तयार झालेली जिवाणूंची फौज टँकमध्ये असली तरी निम्मे निम्मे आणा, मध्ये दहा दिवस. पाण्यातला अमोनिया-नायट्राइट तपासायचा थेंबांचा किट घ्या, पट्ट्यांपेक्षा तो भरवशाचा. दोन्ही शून्य आल्याशिवाय दुसरी खेप नाही. किट महाग वाटतो, पण एका खेपेत मेलेल्या माशांच्या किमतीत तो येतो.

दुकानातून आणल्यावर पिशवी थेट ओतायची का?

हे मासे बहुधा चेन्नईतल्या कोळत्तूरहून किंवा कोलकात्याहून प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून आलेले असतात, आधीच दमलेले. टँकचा लाइट बंद करा. बंद पिशवी २० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा. मग उघडून दर पाच मिनिटांनी अर्धी वाटी टँकचं पाणी आत घाला, अर्धा तास. शेवटी मासे जाळीने उचलून सोडा आणि पिशवीतलं पाणी बेसिनमध्ये ओता, टँकमध्ये कधीच नाही. त्या दिवशी खाणं देऊ नका. शक्य असेल तर नवे मासे दोन आठवडे वेगळ्या टबमध्ये ठेवा, त्यात जुन्या स्पंजचा एक तुकडा कापून टाकला की तोही टब चालू होतो.

अंगावर पांढरे ठिपके आले!

रवा भुरभुरल्यासारखे दिसतात ना? थंडीत हीटर बंद पडला की हमखास येतात. तापमान दिवसाला एक-दोन अंश करत ३० वर न्या, एअर पंप जोरात ठेवा, आणि ठिपके गेल्यानंतरही आठवडाभर तसंच राहू द्या. ठिपके दिसेनासे झाले म्हणजे परजीवी माशावरून उतरून तळाशी पिल्लं घालत आहे, तेव्हाच लोक उपचार थांबवतात आणि आजार दुपटीने परततो. औषध वापरणार असाल तर कोरीडोराससारख्या बिनखवल्याच्या माशांना मात्रा निम्मी ठेवा.

गोल्डफिशचं उरलेलं खाणं वापरू?

संपवायला हरकत नाही, पण त्याचे दाणे टेट्राच्या तोंडाला मोठे होतात आणि त्यात प्रथिनं कमी असतात. बारीक दाणे आणा. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल तेवढंच. गोल्डफिशसारखा हात सैल ठेवलात तर फिल्टर हरेल. गटारातले जिवंत ट्युबिफेक्स जंत टाळा.

वीज गेली तर?

पहिले दोन-तीन तास काही करू नका, खाणंही नको. त्याहून जास्त वेळ गेली तर सेलवर चालणारा एअर पंप लावा, नाहीतर मगने पाणी उंचावरून परत टँकमध्ये ओतत राहा. थंडी असेल तर टँकभोवती रजई गुंडाळा, पाणी सावकाश गार होतं. चार-पाच तास फिल्टर बंद राहिला असेल तर वीज आल्यावर आधी स्पंज टँकच्या पाण्यात पिळून घ्या, मग सुरू करा.

सगळं मिळून किती दिवस लागतील?

गोल्डफिश निरोगी असतील आणि त्यांना घर सापडलं असेल तर तीन आठवडे धरा. पहिल्या आठवड्यात त्यांना पोचवायचं, गाळ ओढायचा, शिंपले काढायचे, हीटर लावून थर्मामीटर बघत बसायचं, रोपं बांधायची. दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला पहिले चार-पाच मासे. मग एक दिवसाआड किट. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी उरलेले. जानेवारीत सुरू करत असाल आणि घर थंड असेल तर थोडं थांबून होळीच्या सुमारास करा, पाणी आपणच गरम व्हायला लागतं आणि माशांचा प्रवासही सोपा जातो. भर मे महिन्यात मात्र नको.